सुटीतल्या जोडप्याने खेळायचे कुठे?

शनिवारी सकाळी कसारा घाट चढून नाशिकला येणाऱ्या गाड्यांत जोडपी किती, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. पण गंगापूर रोडवरच्या एखाद्या मिसळीच्या ठिकाणी दहाच्या सुमारास नजर टाकली तर मोजण्याची गरजही उरत नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. पुणेकर नारायणगाव-संगमनेरच्या वाटेने आधीपासूनच येत होते. या पाहुण्यांचा दोन दिवसांचा कार्यक्रम ठरून गेलेला आहे. मिसळ, रामकुंड, काळाराम, त्र्यंबकेश्वराची रांग, दुपारी द्राक्षमळ्यातली वायनरी, सूर्यास्ताला गंगापूर धरणाचा काठ, परतताना चिवडा आणि मनुके. यात वावगे काहीच नाही. शहराला रोजगार मिळतो, पाहुणा खूश होऊन जातो. पण त्या दोघांनी दोन दिवसांत पाहिले, खाल्ले, रांगा लावल्या आणि एकमेकांचे फोटो काढले. दोघांनी मिळून, हातपाय हलवून केले असे काय, या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. नाशिकच्या पर्यटनातली ही उणीव किरकोळ नाही, आणि ती भरून काढायला कोट्यवधींचा प्रकल्पही लागत नाही. नऊ लोखंडी टोपल्या आणि काही प्लास्टिकच्या तबकड्या पुरतील.

टोपल्या-तबकड्यांच्या या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. नाव ऐकून हिरवळ, छोट्या गाड्या आणि लाखांचे सभासदत्व डोळ्यांसमोर येते, पण त्या गोल्फशी याचे नाते फक्त नियमांपुरते. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारत खड्ड्यापर्यंत न्यायचा. इथे हाताने तबकडी फेकत खांबावरच्या टोपलीपर्यंत न्यायची. टोपलीच्या वर लोखंडी साखळ्या लोंबत असतात. तबकडी त्यांच्यावर आपटते, तिचा वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. कमीत कमी फेकींत जो पोहोचला तो सरस. ठरावीक जागेवरून पहिली फेक, मग तबकडी जिथे पडली तिथून दुसरी, असे करत पुढच्या टोपलीकडे चालत जायचे. तबकडी साधारण वीतभर रुंदीची, वजन बहुधा दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. बागेत मुले खेळतात त्या फ्रिस्बीपेक्षा ती लहान, कडेला धारदार आणि बरीच टणक असते. लांब पल्ल्याची वेगळी, मधल्या अंतराची वेगळी आणि टोपलीजवळची वेगळी असे तिचे प्रकार आहेत. मात्र नवख्याला एकच पुरते. नऊ टोपल्यांचा फेरा दोघांना तासा-सव्वा तासात आटोपता येतो, आणि त्यात फेकण्यापेक्षा चालणेच अधिक होते.

खेळ जन्मला अमेरिकेत. एड हेड्रिक या माणसाने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्क या सार्वजनिक उद्यानात पहिला कायमस्वरूपी मार्ग आखला, पुढच्याच वर्षी खेळाची संघटना काढली आणि १९७७ मध्ये साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट घेतले. (ते पेटंट कधीच संपले आहे, त्यामुळे सातपूर किंवा अंबडच्या कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याला नळ्या, कड्या आणि साखळ्या जोडून ही टोपली बिनघोर बनवता येईल.) नाशिकने लक्ष द्यावे ते पहिल्या मार्गाच्या जागेकडे. तो क्लबात नव्हता, बागेत होता. आजही जगभरातले बहुतेक मार्ग सार्वजनिक उद्यानांत आहेत आणि त्यांवर खेळायला पैसे पडत नाहीत. फिनलंडमध्ये असे शेकडो मार्ग आहेत. जेमतेम तेरा-चौदा लाख लोकवस्तीच्या एस्टोनियाची क्रिस्टिन टाटर २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षे महिलांची विश्वविजेती झाली. लहान देशांत, नगरपालिकांच्या खर्चात, जंगलाच्या कडेला हा खेळ रुजला, कारण त्याला मैदान सपाट करावे लागत नाही. साध्या गोल्फला शंभर एकरांच्या पुढे जमीन आणि हिरवळीला रोज पाणी लागते. डिस्क गोल्फच्या छोट्या मार्गाला पाच-सात एकरही पुरतात, तेही उताराचे, झाडांचे, खडकाळ असले तरी चालतात. दुष्काळ आणि टँकर माहीत असलेल्या जिल्ह्यात हा फरक लहान नाही.

पण जोडप्यासाठी नेमका हाच खेळ का? क्रिकेटला माणसे जमवावी लागतात. बॅडमिंटन आणि टेबल टेनिसमध्ये दोघे जाळीच्या दोन बाजूंना उभे राहतात. ज्याला येते तो जिंकत राहतो आणि ज्याला येत नाही त्याचा तिसऱ्या गेममध्ये रस संपतो. पोहायला प्रत्येकाला येत नाही, आणि हॉटेलच्या तलावावर सर्वांना मोकळे वाटते असेही नाही. डिस्क गोल्फमध्ये दोघे एकाच दिशेला तोंड करून चालतात. प्रतिस्पर्धी म्हणून खेळता येते तसे जोडीने एका बाजूनेही खेळता येते, आणि सुटीवरच्या जोडप्याला हा दुसरा प्रकार जास्त मानवेल. दोघांनी आपापली तबकडी फेकायची, दोहोंतली चांगली पडलेली जागा निवडायची, पुढची फेक दोघांनीही तिथूनच करायची. कच्च्या खेळाडूची चूक त्यात आपोआप पुसली जाते आणि त्याची एखादी नशिबाने लागलेली फेक दोघांच्या कामी येते. प्रत्येक वेळी ठरवावे लागते: तुझी जागा घ्यायची की माझी, झाडाच्या डावीकडून न्यायची की उजवीकडून. दोन फेकींच्या मधे मिनिट-दोन मिनिटांचे चालणे असते. त्यात बोलणे होते, आणि समोरासमोर बसून ‘चल, आता बोलू या’ असे म्हणण्याचा अवघडलेपणा नसतो. एक धोका मात्र मान्य करायला हवा. काही नवऱ्यांना बायकोला शिकवण्याची अनावर हौस असते, आणि ती साखळ्यांच्या टोपलीसमोरही उफाळून येईल. त्यावर महापालिका काही करू शकणार नाही.

एकत्र काही नवे करण्याने नात्यात फरक पडतो, याला थोडा शास्त्रीय आधारही आहे. आर्थर ॲरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जोडप्यांना एक चमत्कारिक काम दिले होते. दोघांचे मनगट आणि घोटा एकमेकांना बांधून, हातांचा उपयोग न करता एक उशी दोघांच्या अंगांमध्ये धरून, रांगत गाद्यांवरून पलीकडे जायचे आणि परत यायचे. इतर जोडप्यांना चेंडू हळूहळू ढकलण्याचे कंटाळवाणे काम होते. सात मिनिटांच्या त्या रांगण्यानंतर पहिल्या गटातल्या जोडप्यांनी आपल्या नात्याबद्दल अधिक समाधान नोंदवले. प्रयोग छोटा होता आणि मोजणी लगेच नंतरची होती. सात मिनिटांत संसार सुधारतो असा अर्थ त्यातून काढणारा भाबडाच म्हणायला हवा. पण सुटीत नुसते बरोबर असणे आणि मिळून काही नवे करून पाहणे यांत अंतर आहे, एवढे मानायला हा पुरावा पुरेसा आहे. नेहमीच्या हॉटेलातले नेहमीचे जेवण कितीही चांगले असले तरी त्यात नवे काही उरलेले नसते.

हे परदेशी फॅड आहे, आपल्याकडे नवरा-बायको असे खेळत नाहीत, हा आक्षेप पहिल्यांदा येईल. तो आपल्याच परंपरेच्या विस्मरणातून येतो. मराठी लग्नात हळद उतरवताना नवरा-नवरीला काय काय करायला लावतात ते आठवावे. एकाने सुपारी मुठीत घट्ट धरायची आणि दुसऱ्याने ती सोडवायची, दातांत धरलेला विडा तोडायचा, पाण्यात टाकलेली अंगठी शोधायची. भोवती माणसे हसत असतात आणि त्या दोन अनोळखी जिवांतला संकोच खेळता खेळता सैल होतो. आपल्या पूर्वजांनी हे सगळे उगाच बसवले नव्हते. वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. आणि नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर खंडोबाची कथाच एका डावावर उभी आहे. लोककथेत देव म्हाळसेशी सारीपाट खेळतो, हरतो आणि पणाप्रमाणे बारा वर्षे घर सोडून चंदनपुरीला बाणाईच्या वाड्यावर मेंढरे राखायला जातो. ती चंदनपुरी मालेगावजवळच आहे. वाघ्या-मुरळी जागरणात ही कथा रात्र रात्र सांगतात, आणि बायकोने देवाला खेळात हरवले याचे ऐकणाऱ्या कोणाला नवल वाटत नाही. मग विचित्र काय आहे? हळदीच्या दिवशी जोडप्याला हौसेने खेळवायचे आणि दुसऱ्या दिवसापासून आयुष्यभर त्यांचे खेळणे बंद करायचे, हे विचित्र आहे. साखळ्यांची टोपली अमेरिकेची असेल. जोडीने खेळण्याला मात्र कोणाच्या परवान्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बायका खेळतील का? इथे आकडे प्रथमदर्शनी माझ्या बाजूचे नाहीत. डिस्क गोल्फच्या अमेरिकास्थित संघटनेच्या सदस्यांत स्त्रियांचे प्रमाण एक दशांशाहूनही कमी आहे. म्हणजे टोपल्या लावल्या की स्त्रिया आपोआप येतील, असे समजण्यात अर्थ नाही. पण त्या संघटनेची सदस्यता स्पर्धा खेळणारे घेतात. सुटीत तासभर फेरा मारणाऱ्या जोडप्याला तिची गरजच नसते. भारतात याच तबकडीचा सांघिक खेळ, अल्टिमेट, चेन्नई-बंगळुरूसारख्या शहरांत रुजला तो बव्हंशी मिश्र संघांच्या रूपात, मुलगे आणि मुली एकाच संघात घेऊन. त्यामुळे इथे सुरुवातच वेगळ्या पायावर होऊ शकते. खरी अडचण स्त्रियांच्या आवडीची नाही, त्यांच्या वेळेची आणि वावरण्याची आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८, असे दिसले. घरी असताना तिला खेळायला वेळ काढता येत नाही. तो मिळण्याची शक्यता सुटीतच आहे, आणि तेव्हाही डबा, पिशव्या, मुलांचे कपडे आणि सासूबाईंच्या गोळ्या यांची जबाबदारी बहुधा तिच्याकडेच असते. जिथे नवरा-बायको दोघांच्याही हातात तबकडी आहे आणि दोघांनाही पाळी आल्यावर फेकावी लागते, तिथे एकीने बाकावर बसून सामान राखायचे आणि दुसऱ्याने खेळायचे ही नेहमीची वाटणी निदान तासभर तरी मोडते. साडी असो वा सलवार, वेगळा पोशाखही लागत नाही. राहिला प्रश्न लोकांच्या नजरांचा. बागेत जोडपे नुसते बसले तर शिट्टी वाजवत येणारा रखवालदार आणि टोमणे मारणारी टोळकी आपल्या शहरांना नवी नाहीत. खेळणाऱ्या जोडप्याला मात्र तिथे असण्याचे एक उघड, कोणालाही दिसणारे कारण असते. वर्दळ असलेला, दिवाबत्तीचा, तिकीटघराजवळचा मार्ग निवडला तर हा प्रश्न बराच सौम्य होईल.

मग मार्ग निवडायचा कुठे? गोल्फ क्लब मैदान नावापुरते गोल्फचे. ब्रिटिश काळातला तो खेळ गेला, मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव मिळाले, आणि आता तिथे क्रिकेट, सभा आणि सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांची रीघ असते. त्या गर्दीत तबकड्या उडवणे वेडेपणा ठरेल. गोदाकाठचा गोदा पार्क मोहक वाटतो, पण पूररेषेतली कायमची बांधकामे गोदावरी ठेवत नाही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर आठवावेत. पांडवलेण्याच्या पायथ्याचे नेहरू वनोद्यान वनक्षेत्र आहे, तिथे खांब रोवण्याआधी कायद्याची वाट चालावी लागेल आणि पक्ष्यांचाही विचार करावा लागेल. माझ्या मते योग्य जागा त्याच पायथ्याशी, अगदी शेजारी आहे: दादासाहेब फाळके स्मारक. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या भारतीय चित्रपटाच्या जनकाच्या नावाने महापालिकेने उभारलेला हा परिसर पंचवीस एकरांहून मोठा आहे. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून आहे, झाडे, उतार आणि कुंपण तयार आहे. एकेकाळी इथे रविवारी पाय ठेवायला जागा नसे. पुढे कारंजे, कृत्रिम धबधबे आणि यंत्रांची देखभाल होईना आणि स्मारकाला उतरती कळा लागली. नूतनीकरणाच्या घोषणा मात्र होत राहिल्या. या स्मारकाच्या इतिहासातून घ्यायचा धडा साधा आहे. मोटार, पंप आणि दिव्यांवर चालणारी करमणूक महापालिकांना झेपत नाही. लोखंडी खांबात बिघडण्यासारखे काही नाही, फार तर दोन वर्षांनी रंग द्यावा लागेल.

झाडांचे काय, हे नाशिककर विचारणार, आणि विचारलेच पाहिजे. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली सतराशे-अठराशे झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ च्या अखेरीस आला तेव्हा हे शहर ज्या तळमळीने रस्त्यावर उतरले, ती तळमळ कोणत्याही नव्या योजनेने गृहीत धरायला हवी. डिस्क गोल्फची गंमत अशी की त्यात झाड हाच अडथळा आणि झाड हीच मजा. उघड्या माळावरचा मार्ग रटाळ होतो. दोन कडुलिंबांमधून वाट काढायची असली की फेकणाऱ्याची कसोटी लागते. झाड तोडले की खेळ बिघडतो, त्यामुळे खेळणारे झाडांचे आपसूक राखणदार होतात. तरीही तबकडी वर्षानुवर्षे त्याच खोडावर आदळली तर साल जखमी होते आणि टोपलीभोवतीची माती तुडवून घट्ट होते, हा परदेशातला अनुभव लपवण्यात अर्थ नाही. उपायही तिथलाच आहे. टोपल्यांच्या जागा काही महिन्यांनी बदलायच्या, कोवळ्या झाडांना लाकडी आडोसा करायचा आणि पावसाळ्यात मऊ मातीवरचा खेळ बंद ठेवायचा.

तबकडी कोणाच्या डोक्याला लागली तर? लागू शकते, आणि पट्टीच्या खेळाडूने जोर लावून फेकलेली लागली तर इजाही होईल. म्हणून चालण्याच्या पट्ट्याला मार्ग कुठेही छेदू नये, टोपल्या चाळीस-साठ मीटरच्या आतच ठेवाव्यात आणि भाड्याने द्यायच्या तबकड्या हलक्या, जवळच्या पल्ल्याच्या असाव्यात. क्रिकेटचा टणक चेंडू गल्लीबोळांत खिडक्या फोडत असताना या एका मुद्द्यावर कोणी फार अडून बसू नये. राहता राहिला सर्वांत व्यवहारी आक्षेप: कुंभमेळा तोंडावर असताना महापालिकेने हे कशाला करत बसावे? २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानांना लोटणाऱ्या गर्दीसमोर नऊ टोपल्या ही क्षुल्लक बाब आहे, हे खरेच. पण कुंभासाठी होणारे रस्ते कुंभानंतरही राहणार आहेत आणि त्यांवरून दर शनिवारी पाहुणे येतच राहणार आहेत. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्यांसाठी शहर एवढे राबते, तर दर आठवड्याला येणाऱ्यांसाठी थोडी कल्पकता दाखवायला हरकत नसावी. शिवाय हे काम एवढे लहान आहे की ते कुंभाच्या कोणत्याही कामाआड येणार नाही.

हा मार्ग चाललाच नाही तर? ही शंका रास्त आहे. व्यायामाची साधने बसवलेली आणि वर्षभरात गंजलेली उद्याने या शहराने पाहिली आहेत. म्हणूनच सुरुवात कायमच्या खांबांनी करू नये. उचलून ठेवता येतील अशा टोपल्या घ्याव्यात, दिवाळीच्या सुटीपासून जानेवारीअखेरपर्यंत फाळके स्मारकात मांडाव्यात आणि तबकड्या भाड्याने देण्याचे काम एखाद्या महिला बचत गटाकडे सोपवावे. फलक मराठीत असावेत, नियम पाच ओळींत मावावेत. पर्यटन महामंडळाने गंगापूर धरणाजवळच्या आपल्या रिसॉर्टच्या आवारात तसाच दुसरा छोटा मार्ग करून पाहावा. तिथे पाहुणा मुक्कामालाच असतो. किती तबकड्या भाड्याने गेल्या आणि घेणाऱ्यांत स्त्रिया किती, याची साधी वही ठेवावी. वही रिकामी राहिली तर टोपल्या टेम्पोत घालून शाळांना द्याव्यात, मुले त्यांचे सोने करतील. भरली, तर कायमच्या मार्गासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी. स्मारकापुरता निर्णय महापालिकेच्या हातातला आहे, आणि त्यासाठी मंत्रालयात खेटे घालण्याची गरज नाही.